भूक, वजन आणि डब्यातली पावडर

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातला वजनाचा प्रश्न एकाच बाजूने मांडता येत नाही. उटनूरच्या भागात आदिवासी महिला मोहफुलांचे लाडू बनवतात आणि रक्तक्षयावर उपाय म्हणून ते गरोदर बायांपर्यंत पोचवले जातात. त्याच जिल्ह्याच्या मुख्य गावात मेडिकलच्या काउंटरवर, जिममध्ये आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर वजन उतरवायच्या पावडरी, गोळ्या, चहा आणि शेक विकले जातात. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार तेलंगणात दर १०० महिलांमागे जवळपास १९ जणी प्रमाणापेक्षा किडकिडीत आहेत आणि ३० जणींचे वजन जास्त आहे. पुरुषांतही तीच गत: सुमारे १६ किडकिडीत, ३२ जास्त वजनाचे. तेव्हा 'गरीब भागात लठ्ठपणावर काय लिहायचे' हा आक्षेप टिकत नाही. किडकिडीत माणूस आणि पोट सुटलेला माणूस एकाच घरात जेवतात, आणि पावडरीचा डबा घरात आला की तो कोण खाईल यावर कोणाचा ताबा राहत नाही. या उत्पादनांबद्दल माझे म्हणणे एवढेच आहे. ज्या पूरकाने (सप्लिमेंटने) भूक खरोखर मरते ते पूरक नसते, ते औषध असते, मग डब्यावर तसे लिहिलेले असो वा नसो. आणि ज्याने भूक मरत नाही, त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. म्हणून 'साइड इफेक्ट काय' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की यात काम करणारे नेमके काय आहे, आणि ते कोणी तपासले.

आधी काम न करणाऱ्यांकडे पाहू, कारण बाजारात त्यांचीच गर्दी मोठी आहे. गार्सिनिया हे नाव जवळपास प्रत्येक 'फॅट बर्नर'च्या डब्यावर सापडते. हा आपल्या कोकमाचा सख्खा भाऊ, केरळात माशाच्या कालवणात पडणारी आंबट चिंच. तिच्या सालीतल्या हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाने चरबी तयार होणे थांबते आणि भूक मंदावते, असा दावा. प्रयोगशाळेत उंदरांवर तसे थोडेफार दिसलेही. मग १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवडे रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना गार्सिनिया, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आहार दोघांचाही सारखाच बेताचा. वजन दोन्ही गटांचे उतरले, आणि गार्सिनिया घेणाऱ्यांचे जास्त उतरले असे दिसले नाही. म्हणजे उतरले ते आहाराने. हा निकाल अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला त्याला पाव शतक उलटून गेले, तरी डबे विकले जातातच. दरम्यान गार्सिनिया असलेल्या मिश्रणांनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी देशोदेशी जमत गेल्या. आमटीत चार आमसुले टाकणे वेगळे आणि त्याच कुळातल्या सालीचा अर्क महिनोन्महिने रिकाम्या पोटी घेणे वेगळे. प्रमाण बदलले की पदार्थाचा स्वभाव बदलतो, हे आयुर्वेदाला तरी नवीन नाही.

आता ज्यांनी भूक खरोखर मारली त्यांचा इतिहास पाहा. इफेड्रा ही चिनी वैद्यकातली वनस्पती. तिने भूक कमी होते आणि हृदयाचे ठोके वाढतात. अमेरिकेत ती पूरक म्हणून मोकळी विकली जात होती. झटके, पक्षाघात आणि मृत्यूंच्या नोंदी साचल्यावर २००४ मध्ये तिच्यावर बंदी आली. फेनिलप्रोपॅनोलामाइन हे सर्दीच्या गोळ्यांतले जुने द्रव्य, तेही भूक कमी करण्यासाठी खपत होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या कामासाठी ते घेणाऱ्या स्त्रियांत मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका सुमारे १६ पट निघाला. सिबुट्रामिन तर डॉक्टरच लिहून देत. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे १०,००० रुग्णांवरच्या चाचणीत ते घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात १६ टक्क्यांनी जास्त आढळले. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेने ते मागे घेतले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली. गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २००७ ते २०१६ या काळात भेसळीची जी ७७६ पूरके सापडली, त्यांतली सुमारे ४१ टक्के वजन उतरवण्याची होती, आणि त्या वजनवाल्यांपैकी ८५ टक्क्यांत हेच सिबुट्रामिन निघाले. दुकानातून काढलेले औषध नाव न सांगता 'नैसर्गिक' डब्यात जाऊन बसले. एखाद्या पावडरीने आठवडाभरात जेवणावरची वासना उडाली, तोंड कोरडे पडले, झोप गेली आणि छातीत धडधडू लागले, तर वनस्पतीचे कौतुक करण्याआधी ही शक्यता डोक्यात आली पाहिजे.

शरीरावर काय काय होते ते एका यादीत बसत नाही, कारण प्रत्येक डब्यातला माल वेगळा. तरी तीन ठिकाणांकडे लक्ष ठेवावे लागते. पहिले यकृत. हिरव्या चहाचा कप निरुपद्रवी आहे, पण त्याच चहाच्या अर्काच्या गोळीतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी हे द्रव्य पोटात गेले तर यकृताच्या तपासणीतले आकडे वाढू लागतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवले. दुसरे हृदय. कॅफिन, कडू नारंगीचा अर्क आणि तत्सम उत्तेजके एकत्र आली की रक्तदाब आणि ठोके वाढतात, आणि ज्याला रक्तदाब असल्याचेच माहीत नाही अशा चाळिशीतल्या माणसाच्या जिवाशी तो खेळ होतो. तिसरे आतडे आणि मूत्रपिंड. 'स्लिमिंग चहा'त बहुधा सोनामुखी असते. तिने जुलाब होतात, काटा दोन किलो खाली येतो आणि माणूस खूश होतो. उतरलेले ते पाणी असते, चरबी तिथल्या तिथेच. रोज जुलाब झाले की पोटॅशियम घटते, पायात गोळे येतात, थकवा येतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. आदिलाबादच्या उन्हाळ्यात, शेतात किंवा बांधकामावर दिवसभर घाम गाळणाऱ्याने असा चहा घेणे ही तर सरळ धोक्याची गोष्ट आहे. शिवाय थायरॉइडची गोळी, साखरेची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिच्याशी डब्यातला माल काय करेल हे विकणाऱ्याला ठाऊक नसते. अगदी इसबगोलसारखी साधी गोष्टही थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतली तर गोळीचे शोषण कमी होऊ शकते.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात आणि तिन्हींना उत्तर द्यायला हवे. पहिला, हे सगळे आयुर्वेदिक आहे, त्यामुळे त्रास नाही. वैद्याने नाडी पाहून, पथ्य सांगून, ठरावीक दिवसांसाठी दिलेले औषध आणि इंटरनेटवरून मागवलेला बंद डबा यांना एकच नाव देणे हा आयुर्वेदावरच अन्याय आहे. २००८ मध्ये इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादने तपासली गेली. सुमारे २१ टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. दुसरा आक्षेप, लाखो लोक घेतात, कोणाला काही होत नाही. होते, पण मोजले जात नाही. अमेरिकेत मोजले गेले, तेव्हा पूरकांमुळे तातडीच्या विभागात येणाऱ्यांची संख्या वर्षाला सुमारे २३,००० निघाली, आणि तरुणांमधल्या हृदयाच्या तक्रारींत वजन उतरवणारी व 'ताकदीची' उत्पादने पुढे होती. आपल्याकडे कावीळ झालेला माणूस आधी गावातल्या आरएमपी डॉक्टरकडे जातो, मग आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात, फार झाले तर यवतमाळ, नागपूर किंवा हैदराबादला. या सगळ्या वाटेत 'तुम्ही वजनाची पावडर घेत होता का' हे विचारले गेले नाही, तर ती कावीळ पावडरीच्या खात्यावर कधीच पडत नाही. रुग्णही आपणहून सांगत नाही, कारण त्याच्या मते ते औषध नव्हतेच.

तिसरा आक्षेप कायद्याचा: सरकारचा परवाना आहे ना? डबा हातात घेऊन नीट वाचला तर उत्तर तिथेच मिळते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ आकडी क्रमांक असतो. तो उत्पादक नोंदणीकृत आहे एवढे सांगतो. पावडरीने वजन उतरते असे तो सांगत नाही. त्याच डब्यावर 'हेल्थ सप्लिमेंट' आणि 'औषधी वापरासाठी नाही' असे लिहिणे नियमाने बंधनकारक आहे, वैविध्यपूर्ण आहाराला हा पर्याय नाही हेही लिहावे लागते. म्हणजे समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरात जे सुचवले, ते मागच्या बाजूला कंपनीने स्वतःच नाकारलेले असते. कित्येक डब्यांवर 'विशेष मिश्रण' म्हणून दहा-बारा वनस्पतींची नावे एका ओळीत येतात आणि कोणती किती हे लिहिलेलेच नसते. औषधे व जादूई उपाय कायदा १९५४ चा आहे, आणि ज्या विकारांवर उपचाराची जाहिरात करायला तो मनाई करतो त्यांच्या यादीत मधुमेहाबरोबर लठ्ठपणाही आहे. तेलंगणाचे औषध नियंत्रण प्रशासन या कायद्याखाली माल जप्त करतेही. पण कायदा जाहिरात पाहतो. शेजारीण शेजारणीला फोनवर जे सांगते त्याच्यापर्यंत तो पोचत नाही, आणि आदिलाबादसारख्या भागात विक्री होते ती याच मार्गाने.

आता या तिन्हींपलीकडचा, सगळ्यात वजनदार आक्षेप. शेक घेऊन ओळखीतल्या बाईचे दहा किलो उतरले, हे डोळ्यांनी पाहिले आहे, त्याचे काय? ते खोटे नाही. रात्रीच्या पोटभर भाताऐवजी दोनशे कॅलरीचा शेक घेतला तर वजन उतरणारच. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'डायरेक्ट' नावाच्या चाचणीत ३०६ मधुमेही रुग्णांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींच्या शेकवर ठेवले. वर्षअखेर त्यांतल्या ४६ टक्क्यांचा मधुमेह गोळ्यांशिवाय काबूत आला. तेव्हा शेकची पद्धत निरुपयोगी म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण तिथे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या, घटकांचे प्रमाण ठाऊक होते, आणि नेहमीचे जेवण पुन्हा कसे सुरू करायचे याला कित्येक आठवडे दिले होते. तिथे काम केले ते कमी कॅलरींनी आणि देखरेखीने. आपल्याकडे डबा मिळतो, देखरेख मिळत नाही. साखरेची गोळी चालू ठेवून जेवण अर्धे केलेला माणूस रात्री साखर उतरून बेशुद्ध पडू शकतो.

या सगळ्याच्या मुळाशी भुकेबद्दलचा एक गैरसमज आहे: भूक म्हणजे मनाचा दुबळेपणा. लठ्ठ माणसाला घरादाराने हेच ऐकवलेले असते, म्हणूनच तो गुपचूप डबा मागवतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात आणि साठा पुरेसा असल्याचे मेंदूला कळवतात. जठर घ्रेलिन सोडते आणि जेवायची वेळ झाल्याचे सांगते. ऑस्ट्रेलियात ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी खायला देऊन वजन उतरवले गेले. वर्ष उलटल्यावर तपासले तेव्हाही त्यांची ही संप्रेरके भूक वाढवणाऱ्या बाजूलाच कललेली होती. वजन उतरले की शरीर ते परत मिळवायला झटते. लाखो वर्षे दुष्काळात तगलेल्या देहाचा तो स्वभावच आहे. म्हणून 'तीस दिवसांत दहा किलो' ही जाहिरात सगळ्यात घातक. वजन उतरल्यावर भूक उलटून येते, आणि डबा बंद झाला की किलो परततात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेत आठवड्याला अर्धा किलो ही सुरक्षित चाल मानली आहे. ऐकायला ती फार मंद वाटते.

आदिलाबादकर मराठी माणसाला भुकेविषयी दोन भाषांतून सल्ले येतात, हे या जिल्ह्याचे वैशिष्ट्य. बेला, जैनद, तामसी या भागांतल्या घरांत मराठी व्हिडिओही पाहिले जातात आणि तेलुगूही. मराठीतून लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात की कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा, मधे काही खाऊ नका. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवर उभा असलेला हा मार्ग महाराष्ट्रात घराघरात पोचला. तेलुगूतून वीरमाचनेनी रामकृष्ण यांचा खोबरेल तेलाचा मार्ग आला: भात-भाकरी बंद, रोज ७० ते १०० ग्रॅम तेल-तूप. दोन्ही सल्ले भुकेलाच हात घालतात, आणि दोन्हींचा एक मोठा गुण म्हणजे डबा विकत घ्यावा लागत नाही. माझा कौल पहिल्याकडे झुकतो. प्रागमध्ये ५४ मधुमेही रुग्णांना तेवढ्याच कॅलरी एकदा सहा जेवणांत आणि एकदा दोन जेवणांत दिल्या, तेव्हा दोन जेवणांत वजन थोडे जास्त उतरले. चहाबरोबरची बिस्किटे, दुपारची मिरची-भजी आणि टीव्हीसमोरचे फरसाण आपोआप सुटते, हा तर उघड फायदा. पण इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी घेणाऱ्याने, गरोदर बाईने आणि वाढत्या मुलाने हा मार्ग परस्पर धरू नये. तेलाच्या मार्गाने सुरुवातीला भूक मरते हे खरे. मात्र डाळ, फळे आणि धान्य सोडून महिनोन्महिने तेलावर राहणे रक्तातल्या चरबीवर काय परिणाम करते हे तपासत राहावे लागते, आणि ते बहुतेक जण करत नाहीत.

खरे तर भूक आवरण्याचे सगळ्यात जुने साधन या जिल्ह्याच्या शेतात होते. गोंड, कोलाम आणि मराठी कुणबी यांचे मुख्य अन्न ज्वारी होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आणि १० ग्रॅम प्रथिने असतात. पांढऱ्या तांदळात तंतू तीन ग्रॅमही नाहीत आणि प्रथिने आठ ग्रॅम. आंध्र प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांनी १९८३ मध्ये दोन रुपये किलो तांदूळ आणला, त्याने उपासमार कमी झाली आणि त्याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. पण त्यानंतरच्या वर्षांत ज्वारीची रानं कापसाने आणि सोयाबीनने घेतली आणि ताट पांढरे होत गेले. भात लवकर चावून होतो, लवकर पचतो, लवकर पुन्हा भूक लावतो. भाकरी तुकड्या-तुकड्याने चावावी लागते. तिच्याबरोबर अंबाडीची भाजी, तुरीचे घट्ट वरण, कांदा आणि ताक आले की पोट चार-पाच तास शांत राहते. हे जुन्याचे गोडवे नाहीत. अमेरिकन संशोधक केविन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना आळीपाळीने दोन आठवडे कारखान्यातले आणि दोन आठवडे घरगुती पद्धतीचे अन्न हवे तितके खाऊ दिले. कारखान्यातल्या अन्नावर तीच माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, वेगाने खात होती. झोपेचेही तसेच. कमी झोपणाऱ्या ८० जणांना रात्री तासभर जास्त झोपायला शिकवले, तर त्यांचे खाणे रोज सुमारे २७० कॅलरींनी घटले. कोणत्याही 'अॅपेटाइट कंट्रोल' गोळीने इतके फुकट आणि इतके निर्धोक काम केलेले नाही.

मग भूक मारणारे औषध मुळात असूच नये का? असावे, आणि आता आहे. सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनने १,९६१ जणांच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले, पोकळ इंजेक्शनने २.४ टक्के. २०२५ मध्ये टिर्झेपटाइड हे तशाच प्रकारचे औषध आणि वेगोव्ही या नावाने सेमाग्लुटाइड भारतात आले. ज्यांचा लठ्ठपणा गुडघे, साखर आणि हृदय खात आहे त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा आहे, आणि तो घेणाऱ्याला आळशी म्हणणे क्रूरपणा आहे. पण मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, पित्ताशयातले खडे, क्वचित स्वादुपिंडाला सूज हे त्याचे मोल, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आले. पुरेशी प्रथिने आणि थोडा जोर-व्यायाम नसेल तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. फरक असा की हे सगळे आपल्याला माहीत आहे, कारण कोणीतरी मोजले. पावडरीच्या डब्याबाबत तेच नाही.

आणि वजन उतरवायचे की नाही, हे आधी ठरवा. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाच्याही पोटात चरबी असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की एका ब्रिटिश सहकाऱ्याइतकाच बांधा असूनही त्यांच्या स्वतःच्या अंगात चरबी दुपटीहून जास्त होती. म्हणून काट्याबरोबर टेपही हवी. कमरेचा घेर पुरुषाचा ९० आणि बाईचा ८० सेंटिमीटरपुढे गेला असेल तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. उलट, काहीही न करता वजन उतरत असेल तर क्षय आणि मधुमेहाची तपासणी आधी. घरात डबा आधीच आला असेल तर तो टाकून देण्यापूर्वी डॉक्टरांना नेऊन दाखवा. लघवी गडद, डोळे पिवळे, छातीत धडधड किंवा अंग गळून गेले असेल तर त्याच दिवशी थांबवा आणि रिम्स गाठा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद कोणताही नागरिक राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करू शकतो. फोन करताना डबा हाताशी ठेवा आणि त्यावरचा बॅच क्रमांकही सांगा.